पाळकाला डिग्री, शब्बाथशाळेच्या बाईंना खडू

सोलापुरात कुठल्याही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवीन पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) येणार असले की कमिटीत पहिला प्रश्न ठरलेला, शिक्षण काय झालंय त्यांचं? बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) आहे का, कुठल्या सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या कॉलेजातून केलं, सेरामपूरचं आहे की असंच कुठूनतरी आणलंय. त्याच्या वरची एम.टीएच. असेल तर माना डोलतात, आणि डॉक्टरेट असेल तर मग फ्लेक्सवर 'रेव्ह. डॉ.' एवढ्या मोठ्या अक्षरात की खालच्या नाताळच्या शुभेच्छा वाचायला चष्मा लागतो. चांगलंय, शिकलेला पाळक हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच मंडळीत दर रविवारी मागच्या खोलीत पोरं घेऊन बसणाऱ्या बाईंना कुणी एकदा तरी विचारलंय का, की बाई, ह्या विषयातलं तुमचं शिक्षण काय?

मी झेडपीच्या शाळेत शिकवते आणि रविवारी शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, पण घेते, म्हणून दोन्हीकडचं माहितीय. पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवायची तर डी.एड. लागतं, वर टीईटी पास व्हावं लागतं, मग प्रशिक्षणं, मग साहेबांची भेट, मग ऑनलाइन माहिती भरा. आणि त्याच पोरांना देव, मरण, पाप, शेजारी, क्षमा असल्या गोष्टी शिकवायच्या तर पात्रता काय, तर 'तुमचा आवाज चांगलाय, तुम्हीच घ्या की'. किंवा नवीन लग्न होऊन आलेली सून कुणाची आहे आणि ग्रॅज्युएट आहे, दिली तिच्याकडे मुलं. पाळकाचा संदेश आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास, आणि ऐकणारे बहुतेक असे की ज्यांची मतं पक्की झालेली. मुलांचं मत मात्र तिथे मागच्या खोलीत घडतंय, आणि ते घडवणाऱ्या माणसाला आपण खडू देतो, रंगीत पेन्सिली देतो, नाताळला एक साडी देतो, आणि शिक्षण मात्र शून्य.

तर माझं म्हणणं असं आहे की सोलापुरातल्या मंडळ्यांनी धर्मशिक्षण ह्या विषयात रीतसर पदव्युत्तर शिक्षण घेतलेली माणसं स्वतःच्या पैशाने तयार करावीत, त्या मुख्यतः बायकाच असणार कारण आज हे काम करतायत त्याच, आणि परत आल्यावर त्यांना पगारावर ठेवावं. फुकट नाही, पगारावर. हे वाचून काहीजण हसतील, काहीजणांना वाटेल की ह्या बाईला स्वतःलाच जायचंय. माझं वय झालं आता, मला नाही जायचं.

आधी त्या खोलीत काय चालतं ते सांगते, कारण कमिटीतली माणसं तिथे फिरकत नाहीत. चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची मुलं एकत्र. काहींच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड, बाकीची मराठी, आणि त्यातली निम्मी इंग्लिश मीडियमची, त्यांना पवित्र शास्त्रातलं 'मी तुम्हांस खचित सांगतो' हे वाचताच येत नाही, नुसतं ऐकून पाठ करतात. दावीद आणि गल्याथ दरवर्षी, नोहाचं तारू दरवर्षी, योना आणि मासा दरवर्षी. व्हॉट्सअपवरून आलेलं चित्र झेरॉक्स करून रंगवायला द्यायचं, एक वचन पाठ, एक अ‍ॅक्शन साँग, बिस्किट, घरी. मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, त्याचं पुस्तक बाहेरून येतं, त्यातल्या चित्रात मुलं बर्फात खेळतायत आणि इथे सोलापुरात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री!

आणि मग मध्येच एखादं पोरगं हात वर करतं. "बाई, माझी मैत्रीण गणपतीची आरती म्हणते, ती नरकात जाणार का?" "बाई, डायनासोर कुठल्या दिवशी बनवले?" "गड्ड्याच्या जत्रेला गेलं तर पाप लागतं का?" एकाने मला विचारलं होतं, "आजी मेली तर सगळ्यांनी प्रार्थना केलेली, मग ऐकली का नाही?" ह्याला उत्तर काय द्यायचं? मी बी.एड. केलंय, मानसशास्त्राचा पेपर दिलाय, तरी घाम फुटतो. आणि जिला काहीच ट्रेनिंग नाही ती काय करणार, तिला जे लहानपणी सांगितलेलं तेच सांगणार, म्हणजे हो, जाणार नरकात, आणि देवाला प्रश्न विचारायचे नसतात. झालं. पोरगं सोमवारी शाळेत जाऊन त्या मैत्रिणीला सांगतं, तिची आई ऐकते, आणि मग गल्लीत काय होतं ते आपल्याला माहितीय. सिद्धरामेश्वराची गड्ड्याची यात्रा, मोहरमचे पंजे, नाताळच्या कॅरोल, सगळं एकाच रस्त्यावरून जाणारं हे गाव आहे. इथे एका खोलीतलं चुकीचं उत्तर त्या खोलीत राहत नाही, म्हणून मी म्हणते की हा काही फक्त ख्रिस्ती लोकांचा घरगुती विषय नाही.

अजून एक प्रश्न हमखास येतो, साधारण आठवी-नववीत, फॉर्म भरायची वेळ आली की. "बाई, आपली जात काय?" आता आमच्या भागातल्या बहुतेक मंडळ्या कुणापासून सुरू झाल्या, तर महार-मांग समाजातल्या लोकांपासून, हे सगळ्यांना माहितीय आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 ला त्यात शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात. म्हणजे एकाच आजोबांची दोन नातवंडं, एक बौद्ध, एक ख्रिस्ती, आणि कॉलेजच्या खिडकीवर दोघांची रांग वेगळी. हे चौदा वर्षांच्या मुलीला समजावून सांगायचं, तिला लाज वाटणार नाही असं सांगायचं, आणि परत 'ख्रिस्तात यहुदी नाही, हेल्लेणी नाही' हे वचनही शिकवायचं. ह्याला अभ्यास लागतो हो. नुसता गोड आवाज पुरत नाही.

कुणी म्हणेल शाळेतच का नाही शिकवत हे सगळं. तर शाळेत शिकवता येत नाही. संविधानाचं कलम 28 आहे, पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत दिलं तर मुलाला किंवा त्याच्या पालकांना जबरदस्ती करता येत नाही. मला हे कलम पटतं, सरकारी शाळेत कुठल्याच एका धर्माचे धडे नकोत. कोठारी आयोगाने 1964-66 मध्येच फरक केला होता की एका धर्माची शिकवण देणं वेगळं आणि धर्मांविषयी माहिती देणं वेगळं, दुसरं चालेल. सुप्रीम कोर्टानेही 2002 ला अरुणा रॉय खटल्यात साधारण हेच धरलं, की धर्मांचा अभ्यास म्हणजे धर्माचं शिक्षण नव्हे. पण प्रत्यक्षात शाळेत ते 'धर्मांविषयी'वालंही फारसं होत नाही, कारण कोण कशाला अंगावर घेईल, मी मुख्याध्यापक असते तर मीही नसतं घेतलं. म्हणजे उरलं काय, तर चर्चची खोली, मदरसा, मठ, संस्कारवर्ग, आणि घरातला मोबाइल. पहिल्या चार ठिकाणी शिकवणारा माणूस कोण आणि तो काय शिकून आलाय हे कुणीच बघत नाही, आणि पाचव्याबद्दल तर बोलायलाच नको.

बरं, असं शिक्षण आपल्याकडे मिळतच नाही का? मिळतं की. बंगालमध्ये हुगळीकाठी सेरामपूर कॉलेज आहे, विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड ह्यांनी 1818 मध्ये काढलेलं. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं म्हणून 1827 ला डेन्मार्कच्या राजाने पदव्या द्यायची सनद दिली, मग 1918 च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने ती पक्की झाली. आज देशभरातल्या कितीतरी सेमिनऱ्या त्या सेरामपूरच्या सिनेटशी जोडलेल्या आहेत, बी.डी., मग एम.टीएच., मग डी.टीएच. अशी ती शिडी. ख्रिस्ती सेवाकार्याचा अभ्यास, म्हणजे समुपदेशन, मंडळीचं काम, मुलांचं आणि मोठ्यांचं धर्मशिक्षण, हे त्यातले रीतसर विषय आहेत, बाजूला टाकलेले नाहीत. आणि लांब जायचंही कारण नाही, हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जा. युनियन बिब्लिकल सेमिनरी तिथे आहे, 1953 ला यवतमाळमध्ये सुरू झालेली आणि 1983 मध्ये पुण्यात आलेली. कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ पण पुण्यातच, ते मूळचं श्रीलंकेतल्या कँडीचं, 1955 ला इकडे हललं. तिथे सिस्टर लोक येऊन थिऑलॉजी शिकतात. ज्यांना घर सोडून जमत नाही त्यांच्यासाठी सेरामपूरचा बाहेरून करायचा बी.सी.एस. कोर्स आहे, नोकरी-संसार सांभाळून करणाऱ्या साध्या विश्वासणाऱ्यांसाठीच तो काढलाय. सोलापुरात किती जणांना माहितीय? मी विचारून बघितलं, पाळक सोडून फार कुणाला नाही.

पण सेमिनरीत गेलेल्याला शेवटी कुठे वळवतात, तर पुलपिटकडे, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाकडे. जो जातो तो पाळक व्हायला जातो, आणि मंडळी जो पाठवते तोही पाळक व्हायलाच पाठवते, म्हणजे बहुतेक पुरुषच. तिथे हिब्रू, ग्रीक, मंडळीचा इतिहास, इतर धर्म, नीतिशास्त्र, सगळं शिकतो, धर्मशिक्षणाचा पेपर पास होण्यापुरता करतो, आणि परत आला की शब्बाथशाळेत वर्षातून दोनदा, बक्षीस समारंभाला आणि नाताळच्या नाटकाला. त्याला दोष देत नाही मी, त्याच्याकडे अंत्यविधी आहेत, लग्नं आहेत, कोर्टात अडकलेली जमीन आहे, भांडणारी कमिटी आहे. म्हणूनच तर म्हणते की हे दुसऱ्या माणसाचं पूर्णवेळ काम आहे.

इथे त्या दुसऱ्या प्रकारच्या डिग्र्यांबद्दल पण बोलून टाकते, कारण विषय निघालाच आहे. हॉटेलच्या हॉलमध्ये बॅनर लावून गाऊन-टोपी घालून डॉक्टरेट देण्याचे कार्यक्रम गेली काही वर्षं फार वाढलेत, ऑनलाइन फॉर्म भरा, 'डोनेशन' भरा, फोटो काढा, झालात डॉक्टर. अहो, ह्या देशात पदवी कोण देऊ शकतं हे 1956 च्या यूजीसी कायद्याच्या कलम 22 मध्ये लिहिलंय, कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, बस. सेरामपूरकडे स्वतःची सनद आणि कायदा आहे म्हणून त्याची गोष्ट वेगळी. बाकी एखादी बायबल स्कूल प्रामाणिकपणे ट्रेनिंग देत असेल, सर्टिफिकेट देत असेल तर आनंद आहे, चांगल्या आहेत अशा जागा. पण ज्याच्याकडे बी.डी. पण नाही त्याने अचानक नावामागे डॉक्टर लावायचं आणि मंडळीने टाळ्या वाजवायच्या, हे बघितलं की वाटतं, आपल्याला शिक्षण नकोय, आपल्याला शिक्षणाचं बिरुद हवंय. आणि त्या डोनेशनमध्ये एका मुलीचा बी.सी.एस. आरामात झाला असता.

आता सोलापूरची गोष्ट सांगते, कारण मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच येतो. शब्बाथशाळा ही चीजच मुळात गिरणीतल्या पोरांसाठी निघालेली. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर नावाच्या गावात रॉबर्ट रेक्स म्हणून एक छापखानेवाला होता, त्याने 1780 च्या सुमाराला कारखान्यात राबणाऱ्या मुलांना त्यांच्या एकमेव सुट्टीच्या दिवशी, रविवारी, लिहायला-वाचायला शिकवायची शाळा काढली, आणि पैसे देऊन बायका ठेवल्या शिकवायला. पैसे देऊन, हे लक्षात ठेवा. नंतर ते सगळं फुकटात गेलं. भारतात इंडिया संडे स्कूल युनियन 1876 ला झाली. आणि आपलं गाव तर गिरण्यांचं, जुनी गिरण आणि मग एकेक भोंगा वाढत गेला. इथे अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम सुरू केलं, शाळा काढल्या, मुलींच्या काढल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलापुरात बालवाडी काढली आणि त्याच्यासोबत बालवाडीच्या शिक्षिका तयार करणारा ट्रेनिंगचा वर्ग पण चालवला. आपल्या गावात! मेरी बी. हार्डिंग हे नाव अजून शाळेच्या पाटीवर आहे, रिक्षावाले नुसतं हार्डिंग म्हणतात. म्हणजे लहान मुलांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे, त्यासाठी बाई आधी तयार करावी लागते, हे ह्या गावातल्या ख्रिस्ती लोकांना शंभर वर्षांपूर्वी कळलेलं. त्याच मिशनचं 'बालबोधमेवा' नावाचं मुलांसाठीचं मराठी मासिक होतं. 'बायबल वुमन' म्हणून बायका असायच्या, पगारी, घरोघरी जाऊन वाचायला शिकवणाऱ्या. मिशन गेलं, इमारती राहिल्या, इमारतींवरून कोर्टकचेऱ्या राहिल्या, आणि जे खरं धन होतं, माणूस तयार करायची सवय, ती आपण कधी सोडून दिली कुणालाच कळलं नाही.

मिशनऱ्यांना डोक्यावर घ्यायचं नाहीये मला. त्यांचंही काही कमी नव्हतं, बायबल वुमनला पगार होता पण निर्णय साहेबांचाच, आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांसारख्या माणसाला शेवटी मिशनच्या चौकटीत गुदमरायला झालं, 1917 ला ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' हा आपला ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पण त्याच टिळकांची गाणी आपण अजून दर रविवारी म्हणतो, मुलं पण म्हणतात, अर्थ विचारला की गप्प. कारण सांगायला कुणी नाही.

कनेक्टिकटमध्ये होरेस बुशनेल नावाचा पाळक होता, अमेरिकन मराठी मिशनवाले ज्या पंथाचे त्याच पंथाचा. त्याने 1847 मध्ये मांडलं होतं की मूल घरातच असं वाढावं की आपण कधी विश्वासाबाहेर होतो असं त्याला वाटूच नये. तेव्हा लोक चिडले होते, कारण त्यांचं म्हणणं आधी पश्चात्ताप, आधी अश्रू, मग विश्वास. हा वाद आपल्याकडे रोज चालू आहे फक्त आपल्याला त्याचं नाव माहीत नाही. व्हीबीएसच्या शेवटच्या दिवशी बाहेरून आलेला स्पीकर लाइट बंद करतो, कीबोर्डवर हळू म्युझिक, आणि सात वर्षांच्या पोरांना विचारतो, 'आज रात्री मेलात तर कुठे जाल?' पोरं रडतात. पालकांना वाटतं काम झालं. ज्याने धर्मशिक्षणाचा अभ्यास केलाय त्याला कळतं की सात वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे काय हे अजून नीट समजलेलं असेलच असं नाही आणि आपण त्याला भीती दिली, विश्वास नाही. अमेरिकेत 1903 ला ह्याच विषयाची रिलिजियस एज्युकेशन असोसिएशन स्थापन झाली, म्हणजे एकशेवीस वर्षांहून जास्त काळ लोक ह्यावर संशोधन करतायत, मूल कसं विश्वास ठेवतं, कधी प्रश्न विचारतं, कधी नाकारतं. आपण काय करतोय, लाइट बंद.

मी हे बोलले की ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, पैसा नाही. ह्यात थोडं तथ्य आहे, काही मंडळ्यांत पाळकाचाच पगार दोन-दोन महिने थकतो, तिथे मी दुसरा पगार कुठून मागू. पण सोलापुरात मंडळी एक नाही, आणि प्रत्येकाने एकेक ठेवायला सांगतच नाहीये. तीन-चार मंडळ्या मिळून एक बाई. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो, मेथॉडिस्ट असो, कुठल्याही पंथाचं कुणी असो, दावीद आणि गल्याथ सगळीकडे सारखाच आहे ना? नाताळचा मांडव, साउंड, एलईडी स्क्रीन, बाहेरून विमानाने आलेले कन्व्हेन्शनचे पाहुणे, त्याला पैसा निघतो. निघतो म्हणजे काय, चढाओढीने निघतो.

दुसरं, 'ही सेवा आहे, सेवेचे कसले पैसे'. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. हे वाक्य कधी पाळकाला ऐकवत नाहीत, ऑर्गनवाल्याला ऐकवत नाहीत, चर्चच्या वॉचमनला पण नाही. फक्त बाईला. आपल्या समाजातल्या निम्म्या बायका नर्स नाहीतर शिक्षिका आहेत, सेवा काय असते हे त्यांना शिकवायची गरज नाही, आणि हॉस्पिटलमध्ये त्या पगार घेऊनच सेवा करतात, कुणाच्या भक्तीत कमी येत नाही.

तिसरं जरा अवघड आहे. 'जास्त शिकला की विश्वास जातो.' आमच्याच मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी मला सांगितलं, "बाई, पोरगा चांगला प्रार्थना करायचा, सेमिनरीत गेला, परत आला तर म्हणतो मोशेची पाच पुस्तकं मोशेने लिहिलीच नाहीत, असलं शिक्षण काय कामाचं वो?" त्यांची चिंता खोटी नाही. बायबलचा चिकित्सक अभ्यास केला की काही जणांच्या पायाखालची जमीन सरकते. पण मला विचाराल तर तो मुलगा एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा तो प्रश्न ऐकतो म्हणून हलतो. तेराव्या वर्षी कुणी त्याला सांगितलं असतं की उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात एक निर्मिती आहे आणि दुसऱ्यात वेगळ्या क्रमाने परत सांगितलीय, बघ तू वाचून, आणि तरी आपण हे पुस्तक पवित्र मानतो, का मानतो ते बोलू, तर काय झालं असतं? आजची मुलं तर यूट्यूबवर दहाव्या वर्षीच ऐकतात हे, तेही शिव्यांसकट. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, 1922 ला त्या गेल्या आणि 1924 ला ते छापून पूर्ण झालं, त्यांचा विश्वास गेला नाही भाषा शिकून. शिकलेल्या बाईला घाबरायचं कारण वेगळंच असतं बहुतेक.

चौथं उत्तर हल्ली हळू आवाजात येतं. 'आत्ता वातावरण बरं नाही, धर्मशिक्षण वगैरे मोठ्याने बोलू नका, लोक धर्मांतराचा आरोप करतील.' मी उलट म्हणते. आपल्या मुलांना आपला धर्म शिकवणं हा संविधानाने दिलेला हक्क आहे, कलम 25 आणि 26, त्यात लपवण्यासारखं काय? आणि त्याची मर्यादा काय हे पण स्पष्ट आहे, 1977 ला रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. शेजारचं हिंदू पोरगं मित्राबरोबर व्हीबीएसला आलं तर त्याच्या आई-वडिलांना आधी विचारायचं, त्याला रडवून प्रार्थना करून घ्यायची नाही, हे शिकलेल्या बाईला कळतं. न शिकलेला उत्साही तरुण त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवतो. सांगा, जास्त धोका कुठे आहे?

भाषेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पदव्युत्तर पातळीवर साधारण सगळा कारभार इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, थिसिस इंग्रजीत. आपली झेडपीत शिकलेली, बी.ए. मराठी झालेली मुलगी तिथे पहिल्या सहा महिन्यात खचते. गंमत बघा, कॅरीने त्याच सेरामपुरात 1805 ला मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 ला मोडी अक्षरात मराठी कोश छापला, वैजनाथ पंडित त्याच्या मदतीला होते. जिथून मराठीची छापील पुस्तकं निघाली तिथली मोठी डिग्री मराठीत करायची सोय नसावी? पुण्यातल्या सेमिनऱ्यांनी आणि मराठी मंडळ्यांच्या वरिष्ठांनी निदान धर्मशिक्षणाच्या शाखेचा थिसिस मराठीत लिहू द्या अशी मागणी सिनेटकडे लावून धरावी. सोलापूरच्या शब्बाथशाळेवरचा अभ्यास इंग्रजीत लिहून कुणाच्या उपयोगाचा? आणि तोपर्यंत जी मुलगी पाठवाल तिला आधी सहा महिने इंग्रजीची शिकवणी लावा, त्याचेही पैसे धरा.

आपल्या विद्यापीठाचं पण बघायला हवं. सोलापूर विद्यापीठ 2004 ला झालं, एका जिल्ह्याचं विद्यापीठ, आणि जिल्हा कसला तर पंढरपूर, अक्कलकोट, सिद्धरामेश्वर, दर्गे, चर्च, सगळं असलेला. मद्रास विद्यापीठात ख्रिस्ती अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे, म्हैसूरमध्ये अध्यासन आहे. आपल्याकडे धर्मांच्या अभ्यासाचा एक साधा सर्टिफिकेट कोर्स निघाला, जिथे शब्बाथशाळेची बाई, मदरशातला शिक्षक आणि संस्कारवर्ग घेणारे काका एका बाकावर बसून एकमेकांच्या धर्माचं प्राथमिक ज्ञान घेतील, तर कलम 28 आडवं येत नाही, अरुणा रॉय खटला वाचा. पण विद्यापीठाची वाट बघत बसू नका, तिथे फाइल हलायला किती वेळ लागतो सगळ्यांना माहितीय.

बायकांना पाठवलं तर लग्न होऊन निघून जातील, हे पण म्हणतात. मग लग्न झालेलीला पाठवा, जिची मुलं शाळेत जातायत आणि जी आधीच बी.एड. आहे. पाळक पण बदली होऊन जातातच की, म्हणून आपण त्यांना बी.डी. नको म्हणतो का? आंध्रातलं नंद्याळ इथून काही फार लांब नाही, तिथे 2013 ला सीएसआयने (चर्च ऑफ साउथ इंडियाने) ई. पुष्पललिता ह्यांना बिशप केलं, देशातल्या त्या पंथाच्या पहिल्या बाई बिशप. तेलुगू बाई. आणि आपण अजून शब्बाथशाळेच्या बाईंना कमिटीत मतदानाची खुर्ची द्यायची की नुसतं 'निमंत्रित' म्हणून बसवायचं ह्यावर चर्चा करतोय.

वार्षिक सभेचं बजेट येतं तेव्हा त्यात शब्बाथशाळेची एक ओळ असते, 'बक्षिसे व खाऊ'. ह्या वेळेला कुणीतरी उभं राहून त्याच्याखाली दुसरी ओळ टाका म्हणावं, 'शिक्षिकेचे उच्च शिक्षण व वेतन, इतर मंडळ्यांसह', आणि समोर आकडा लिहायला लावावा, कितीही छोटा असो. आमच्याकडे मी ठराव लिहून सेक्रेटरींना देऊन ठेवलाय, अनुमोदक अजून मिळालेला नाही.